भोगवे, निवती, खवणे: स्वच्छ पाण्यासाठी दिवस कोणते धरावेत?

रानजाई

नमस्कार. डिसेंबर-जानेवारीत पुण्याहून तीन रात्रींसाठी वेंगुर्ला तालुक्यातल्या भोगवे-निवती-खवणे पट्ट्यात जायचा विचार आहे. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे वाळूत फार चालणं जमणार नाही. वॉटर स्पोर्ट्स नकोत. मोकळी वाळू हवी, आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तर पाय दिसावेत, एवढीच अपेक्षा.

शोधल्यावर फोटो सगळे निळ्याशार पाण्याचे दिसतात, पण खाली लोक लिहितात की पाणी गढूळ होतं. एकाच किनाऱ्याबद्दल दोन्ही मतं. मग हे नेमकं कशावर ठरतं? तारखा अजून आमच्या हातात आहेत, म्हणून आधी हेच विचारते. त्याशिवाय तीनपैकी मुक्कामाला कुठलं गाव बरं, मुलीला पाण्यात सोडताना काय बघायचं, आणि गाडी न्यावी की रेल्वेने जावं, हेही सांगा.

---

दर्यावर्दी

दोन्ही मतं खरी आहेत. या पट्ट्यात पाणी गावावर कमी आणि वेळेवर जास्त अवलंबून असतं. महिना, तिथी आणि दिवसाचा प्रहर हे तिन्ही जुळले की फोटोतलं पाणी दिसतं.

आधी महिना. पावसाळ्यात कर्ली नदी आणि सगळे व्हाळ (ओढे) लाल माती समुद्रात ओततात. पाऊस थांबला तरी बारीक गाळ लगेच बसत नाही, त्यामुळे ऑक्टोबरात पाणी अजून तपकिरी दिसू शकतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून निवळायला लागतं, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. मार्चपासून दुपारचा वारा जोर धरतो, मे महिन्यात लाटा वाढतात. तुमचा महिना बरोबर आहे.

मग प्रहर. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. त्याने लाटा दबतात आणि पाणी सपाट राहतं. अकराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, दोन ते पाच या वेळात तो चांगलाच वाढतो, लाट तुटते आणि तळची वाळू वर येते. त्याच जागी सकाळी आठला बोटं दिसतात आणि चारला गुडघाही दिसत नाही. गढूळ पाण्याची तक्रार करणारे बहुतेक जण जेवून, झोप काढून संध्याकाळी उतरलेले असतात.

आणि तिथी, जिच्याकडे कोणी बघत नाही. भोगवे कर्लीच्या मुखाला लागून आहे. ओहोटीला खाडीतलं पाणी गाळ घेऊन बाहेर येतं, भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. म्हणजे भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास आणि नंतरचा अर्धा तास ही पाण्यात उतरायची वेळ. ती सकाळी यायला हवी. शिवाय अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात जातं-येतं आणि तळ ढवळतं. अष्टमीनंतर भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, तेव्हा सगळं मंद चालतं.

आता हिशेब. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईकडची पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. दक्षिणेला भरती आधी लागते, म्हणून सिंधुदुर्गासाठी साधारण पाऊण तास वजा करा. एकादशी म्हणजे 11, पाऊणपट सव्वाआठ, वजा पाऊण तास, साडेसात. द्वादशीला सव्वाआठ, त्रयोदशीला नऊ. भांग नुकतीच सरलेली, भरती सकाळी, वारा अजून जमिनीवरचा. म्हणून कालनिर्णय उघडा आणि एकादशी, द्वादशी, त्रयोदशी या तीन सकाळी किनाऱ्यावर मिळतील अशा तारखा धरा. शुक्ल पक्ष घेतलात तर रात्री वाळूवर चांदणंही मिळेल. नाताळ ते 1 जानेवारी हा आठवडा मात्र टाळा.

जागेवर पोचल्यावर खात्री करायची असेल तर पारदर्शक बाटलीत समुद्राचं पाणी भरा आणि हलवून ठेवून द्या. एका मिनिटात तळाशी वाळू बसून वरचं पाणी नितळ झालं, तर तो फक्त लाटांचा खेळ होता, वारा पडला की समुद्र स्वच्छ दिसेल. दहा मिनिटांनीही पाणी दुधी राहिलं तर तो नदीचा गाळ आहे. मग तिथे वाट बघत बसू नका, मुखापासून दोन-तीन किलोमीटर दूरचा किनारा गाठा.

---

पंचांगवाला

वरच्या गणिताला एक पुस्ती. पाऊणपटीचा हिशेब अमावस्या-पौर्णिमेजवळ चांगला जुळतो, भांगेच्या दिवसांत घसरतो. अष्टमी उलटल्यावर प्रत्यक्ष भरती हिशेबापेक्षा उशिरा येते, एकादशीला अर्धा-पाऊण तासही फरक पडतो. तुमच्या दृष्टीने तो फरक सोयीचाच आहे, साडेसातऐवजी आठ-सव्वाआठ. पण नेमक्या वेळेसाठी मालवण, वेंगुर्ले किंवा मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक बघा. मुंबईचं कोष्टक तसंच्या तसं वापरू नका. वेळ तर वेगळी आहेच, उंचीही वेगळी आहे. मुंबईला उधाणात पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या वर फरक पडतो, इकडे दोन मीटरच्या आसपास.

इन्कॉईस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अंदाजात लाटांची उंचीही मिळते. निघायच्या आदल्या दिवशी ती बघा. एक मीटरच्या आत असेल तर लहान मुलांना घेऊन जायला हरकत नाही. थंडीत कधी कधी उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस लागून राहतो, तेव्हा तिथी कितीही चांगली असली तरी सकाळचं पाणीही खवळलेलं असतं. असे दिवस निवतीचा किल्ला, वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर आणि परुळ्याचं आदिनारायण मंदिर बघायला ठेवावेत.

---

वाडीवरचा

गावांबद्दल सांगतो.

भोगवे लांब आणि पांढऱ्या वाळूचं, तिघांत सर्वांत मोठं. गाडी किनाऱ्याजवळच्या वाडीपर्यंत जाते, त्यामुळे सासूबाईंसाठी हेच सोपं. उत्तरेच्या टोकाला कर्लीचं मुख आणि पलीकडे देवबाग. सुट्टीच्या दिवशी देवबागहून पर्यटकांच्या होड्या या टोकाला येतात, साधारण दहा ते चार. गर्दी म्हणतात ती तेवढीच, तीही त्या टोकालाच. दक्षिणेकडे अर्धा किलोमीटर सरकलात तर सोमवार ते गुरुवार किनारा जवळपास तुमचाच. मुखाच्या टोकाला पोहायला उतरायचंच नाही, त्याचं कारण पुढे कोणीतरी नीट लिहीलच.

निवतीला किनारा लहान, पण देखणा. एका बाजूला किल्ल्याची टेकडी, आणि वाळूत पिवळसर सोनेरी दिसणारे खडक. किल्ल्यावरून भोगव्याचा पूर्ण पट्टा दिसतो, सकाळी नऊच्या आत चढा. बंदरात मासेमारीच्या होड्या लागतात, म्हणून होड्यांच्या बाजूला पाण्यावर थोडा तेलाचा तवंग असू शकतो. तिथे पोहू नका, खडकांच्या अलीकडे वाळूत उतरा. खडकावर मात्र अनवाणी चढू नये. त्याला कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी लागते.

खवणे दक्षिणेला, तिघांत सर्वांत शांत. मागे खाडी आणि कांदळवन आहे, तिथे कयाक मिळतात. मुक्कामाची घरं कमी, म्हणून आधी ठरवल्याशिवाय जाऊ नये. आणखी दक्षिणेला कोंडुरा आणि वायंगणी आहेत, पण तीन दिवसांत सगळं बघायच्या मागे लागू नका. भोगव्याला मुक्काम करा आणि एक सकाळ खवण्याला द्या.

मुक्काम घरगुती घ्या. बोलताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: घरापासून वाळूपर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का, आणि गोड्या पाण्याने अंग धुवायची सोय बाहेर आहे का. ‘समुद्राजवळ’ म्हणजे काही घरं टेकडीवर असतात आणि खाली यायला साठ-सत्तर पायऱ्या. सासूबाईंसाठी हा प्रश्न सर्वांत आधी.

जेवणाचं आदल्या रात्रीच सांगावं लागतं, कारण मासे सकाळी आणतात. एकादशीला आणि सोमवारी काही घरांत मासे शिजत नाहीत, तेही विचारून ठेवा. रोख पैसे कुडाळलाच काढा. डोंगराच्या कुशीत मोबाईलला रेंज जाते-येते, त्यामुळे फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. पेट्रोलही कुडाळलाच भरा.

किनाऱ्यावर रापण लागलेली दिसली तर एक समजून घ्या. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. त्या दोन दोरांच्या मधल्या पाण्यात उतरायचं नाही, आणि ताणलेला दोर ओलांडायचा नाही. ओढायला हात लावलात तर कोणी नाही म्हणणार नाही. जाळं वाळूत येईपर्यंत मात्र मुलीला मागे उभं करा. जाळ्यात पाकट नावाची चपटी मासळी असते, तिच्या शेपटीला काटा असतो. जेलीफिशही असतात.

आणि एक कळकळीची विनंती, वाळूत गाडी घालू नकात. ओल्या वाळूवर सुरुवातीला चाक चालतं, वळताना रुततं, आणि भरती चढली की ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी जातं. शिवाय नोव्हेंबरपासून या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, वाळूखाली हात-दीड हातावर. चाकाखाली ती दबतात आणि वरून कोणाला कळतही नाही.

---

लाटेपलीकडे

मुलीला पाण्यात सोडण्याबद्दल.

पहिलं, नदीचं मुख. ओहोटीला खाडीतलं सगळं पाणी एका अरुंद वाटेने बाहेर पडतं. वरून ते सपाट, संथ दिसतं आणि नेमकं त्यामुळेच लोक उतरतात. तिथे मोठ्या माणसालाही पोहत परत येता येत नाही. मुखापासून किमान अर्धा किलोमीटर लांब राहा. वर वाडीवरच्यांनी भोगव्याच्या दक्षिणेला सरकायला सांगितलं, ते गर्दीपेक्षा यासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

दुसरं, मोकळ्या किनाऱ्यावरची ओढ. उतरण्याआधी उंच जागेवरून पाच मिनिटं नुसतं बघा. लाटा ओळीने फुटत असतात. मध्येच आठ-दहा मीटरचा पट्टा असा दिसतो जिथे लाट फुटत नाही, पाणी थोडं गडद असतं, आणि फेस किंवा काटक्या समुद्राकडे जाताना दिसतात. ती ओढ. नवख्या माणसाला तीच सर्वांत शांत जागा वाटते आणि तो मुलांना तिथेच नेतो. तुम्ही तिच्यापासून तीस-चाळीस पावलं बाजूला, जिथे पांढरी लाट सारखी फुटतेय तिथे उतरा. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, दम तिथेच संपतो. पाठीवर तरंगायचं, हात वर करून हाक द्यायची, आणि किनाऱ्याला समांतर सरकत पट्ट्याच्या बाहेर पडायचं. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, लांब नेते. हे मुलीला आधी घरीच नीट सांगून ठेवा.

तिसरं, उतार. पायाखालची वाळू जाड, रव्यासारखी लागली तर किनारा तीव्र उताराचा असतो, चार पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीवर जातं. वाळू बारीक, घट्ट असेल तर उतार हळू असतो. मुलीसाठी दुसऱ्या प्रकारची जागा शोधा आणि मोठ्यांपैकी एकाने कायम तिच्या समुद्राकडच्या बाजूला उभं राहा. किनाऱ्याकडच्या बाजूला उभं राहून काही उपयोग नाही.

लाइफ जॅकेट घरून न्या, वजनाप्रमाणे. घालून सगळे पट्टे बांधा आणि खांद्याच्या पट्ट्यांना धरून मुलीला थोडं उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघेल. पायांच्या मधून जाणारा पट्टा असलेलं घेतलं तर उत्तम. फुगवायची रिंग किंवा टायर नको. सकाळी वारा जमिनीकडून वाहतो, म्हणजे तो रिंगेला समुद्रात ढकलतो. पाणी शांत असतं त्याच वेळी हा धोका जास्त असतो.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत दबून बसलेली पाकट चाहूल लागून निघून जाते. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासा. गरम पाण्याने वेदना चटकन उतरते, पण दवाखान्यात जायचंच, काट्याचा तुकडा आत राहतो. निळ्या फुग्यासारखी जेलीफिश लागली तर तंतू चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. मग गरम पाण्याचा शेक. थर्मासमध्ये गरम पाणी किनाऱ्यावर नेलं तर यातल्या दोन्हींना उपयोगी पडतं. परुळ्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय कुडाळ आणि ओरोसला, रुग्णवाहिका 108.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तिथीवरून तारखा ठरवायच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. शुक्ल एकादशीच्या आदल्या दिवशी पोचायचं असं धरतेय. आता प्रवासाचं सांगा. आणि एक रात्र किनाऱ्यावर तंबू लावायचा मुलीचा हट्ट आहे, तो पुरवावा का?

---

घाटवाट

सासू-सासरे बरोबर आहेत म्हणून रेल्वे बरी. पुण्याहून पनवेल गाठा आणि रात्रीची कोकणकन्या धरा, सकाळी कुडाळला उतरता येतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. खालचे बर्थ हवे असतील तर पहिल्याच सकाळी आठला काढा. कुडाळहून भोगवे तीस-पस्तीस किलोमीटर. नेरूर, वालावल, परुळे असा रस्ता आहे, अरुंद आणि वळणांचा, तास लागतो. एसटी आहे पण फेऱ्या मोजक्या, म्हणून मुक्कामाच्या घरूनच गाडी सांगून ठेवा. आणि त्याच गाडीवाल्याला खवण्याच्या सकाळीही बोलवा. विमानाने यायचं असेल तर चिपीचा विमानतळ परुळ्याजवळच आहे, मात्र उड्डाणं बदलत असतात, नक्की करूनच बेत आखा.

स्वतःची गाडी असेल तर कोल्हापूरपर्यंत महामार्ग, पुढे फोंडा घाटाने कणकवली किंवा आंबोलीने सावंतवाडी. साडेआठ-नऊ तास धरा. गगनबावड्याच्या बाजूचे करूळ आणि भुईबावडा घाट दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतात, निघण्याआधी चौकशी करा. घाट उजेडात उतरा.

एक सूचना. जानेवारी संपून फेब्रुवारीकडे सरकलात तर आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा कधी आहे ते बघा. त्या आठवड्यात कोकणच्या गाड्या आणि मुक्कामाच्या जागा दोन्ही मिळत नाहीत. डिसेंबरात गावोगावच्या देवळांत रात्री दशावतार असतो. घरच्यांना विचारा, जवळ कुठे असेल तर मुलीला जरूर न्या.

---

वाडीवरचा

तंबूचं सांगतो. भर वाळूत नको. कासवांचा हंगाम आहे, आणि उजेड व हालचाल दिसली की मादी अंडी न घालता परत वळते. मुक्कामाच्या घराच्या अंगणात किंवा सुरूच्या झाडांखाली, जागामालकाला विचारून लावा. माडाखाली कधीही नाही. नारळ आणि वाळलेली झावळ पडायला वारा लागत नाही.

जमीन रेताड असेल तर तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरा, तोंड दोरीने बांधा, हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरा आणि दोरी तिरकी वर घ्या. चार कोपऱ्यांना चार पिशव्या पुरतात. दार समुद्राकडे ठेवा. रात्री वारा डोंगराकडून येतो, तो पाठीमागून अडतो. दव इतकं पडतं की सकाळी कापड पिळावं लागतं, म्हणून वरचं आच्छादन काढून ठेवू नका आणि चादरी कापडाला टेकू देऊ नका. संध्याकाळी बारीक चिलटं चावतात, पायाला खोबरेल तेल आणि पूर्ण विजार.

शेकोटी वाळूवर पेटवू नका. विझल्यावर वरून वाळू लोटली की निखारे आत तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी कोणाचा तरी अनवाणी पाय त्यावर पडतो. अंगणात चूल आहे, तिथेच बसा. रात्री किनाऱ्यावर फिरायचं असेल तर टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. ट्रॅक्टरच्या चाकासारखी दुहेरी नक्षी पाण्यातून वर गेलेली दिसली तर ती कासवाची वाट आहे. ती पुसू नका, उकरू नका. वाडीत कोणालाही सांगा, किंवा वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. जागेभोवती कुंपण घालायला माणसं येतात.

कुडाळहून येताना पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणू नका. घरची विहीर गोड आहे का ते विचारा, उकळलेलं पाणी मागा आणि स्टीलच्या बाटल्या भरून घ्या, माणशी दिवसाला चार लिटर धरून. मुलीचे खाऊचे कागद, रिकाम्या पिशव्या गाडीतून परत कुडाळला न्या, इकडे वाडीत कचरा उचलायला रोज गाडी येत नाही. फोनवर ठरवताना पोचायची वेळ सांगा, म्हणजे पहिल्या दिवशीचे मासे पकडून ठेवता येतील. तुम्ही दशमीला येताय, दुसऱ्या दिवशी एकादशी. खायचं ते दशमीलाच खाऊन घ्या.